काका, त्या रात्री तुम्ही मागे वळलात

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार समोरासमोर मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहाचं विचारलंत. म्हणून आज लिहितेय, आणि चारचौघांसमोर लिहितेय. आम्हाला ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) दाखवलात त्या रात्री तुम्ही आमच्यासाठी काय सोडलंत ते मला फार उशिरा कळलं.

१० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. आई एप्रिलमध्येच कोल्हापूरहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आली होती. दुपारी तुम्ही पुरणपोळीचा डबा न्यायला आलात आणि खिशातून ग्रहणाचा चष्मा काढून आईच्या हातात दिलात. सूर्याच्या कडेकडे सरकलेला तो काळा डाग तिला पहिल्याच नजरेत दिसला, मला जरा वेळ लागला. "पृथ्वीच्या पंधरापट रुंद आहे तो," तुम्ही म्हणालात. "त्याच्यातून दोन दिवसांत तापलेल्या वायूचे एकामागून एक लोट निघालेत आणि मागचे पुढच्यांना गाठत इकडे येतायत. २००५ नंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या चुंबकीय वादळाचा इशारा दिलाय. आज लवकर झोपू नका."

खरं सांगते, मी ते फारसं मनावर घेतलं नाही. फेब्रुवारीत आम्ही दोघं हाच ध्रुवीय प्रकाश बघायला नॉर्वेला ट्रॉम्सोला जाऊन आलो होतो. वर्षभर पैसे साठवले होते. तीन रात्री बर्फात उभे राहिलो आणि तिन्ही रात्री आभाळ गच्च भरलेलं. जे आर्क्टिकच्या पलीकडे जाऊन दिसलं नाही, ते लंडनपासून तासाभरावर, आमच्या घराच्या मागच्या दारी कुठून दिसणार, असंच माझ्या मनात होतं.

अकराच्या सुमाराला तुमचा फोन आला. "आहेस तशी बाहेर ये. वर बघ." मी अंगणात गेले. शेजारच्यांचा दिवा लागलेला होता. वर पांढुरके, ओढल्यासारखे पट्टे होते. "काका, ढग आलेत," मी म्हणाले. "आई दमलीय, आम्ही झोपतो." तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि म्हणालात, "थांब. वहिनींना शाल घ्यायला सांग. दहा मिनिटांत येतो."

तुम्ही आलात. गाऊनवर स्वेटर, स्वेटरवर शाल अशा आईला पुढच्या सीटवर बसवलंत आणि गावाबाहेरच्या त्या टेकाडावर, शेताच्या फाटकापाशी गाडी लावलीत. सगळे दिवे बंद. मोहरीसारखी पिवळी फुलं आलेलं रेपसीडचं शेत अंधारात दिसत नव्हतं, पण त्याचा उग्र वास येत होता. मी फोन काढला तर तुम्ही तो खिशात ठेवायला लावलात. वीस मिनिटं एकही उजेड डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही, म्हणालात. तुमच्या हातातल्या टॉर्चला लाल जिलेटीन पेपर रबरबँडने लावलेला होता. त्याच्या उजेडात तुम्ही आईचा हात धरून तिला फाटकापर्यंत नेलंत, एकेक खड्डा सांगत.

मग तुम्ही आईला विचारलंत, "वहिनी, सप्तर्षी ओळखता ना? वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती दिसतेय का?"

आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ती मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिली. "दिसतेय की," ती म्हणाली. "अगदी बारीक."

"ती तुमच्या लेकीच्या ढगातून दिसतेय. ढग असता तर तारे झाकले असते."

काका, मला दिसायला लागलं ते त्या वाक्यानंतर. तोच पांढुरका पट्टा, तेच आभाळ. पण आता सप्तर्षी त्याच्या आरपार चमकत होते आणि पट्टा हलत होता. आधी राखाडी, मग फिकट गुलाबी. डोळे अंधाराला सरावत गेले तसा रंग भरत गेला. उत्तरेला खाली हिरवट उजेड आणि वरपर्यंत उभ्या लाल रेघा. बाराच्या आसपास त्या सगळ्या रेघा डोक्याच्या जरा दक्षिणेला, स्वातीच्या थोड्या वर एका ठिकाणी जुळल्या आणि आम्ही जणू एका गुलाबी तंबूच्या आत उभे होतो. तंबूचं टोक श्वास घेतल्यासारखं फुलत होतं, मिटत होतं. आईने हात जोडले. "जोतिबाला चैत्रात गुलाल उधळतात ना," ती हळूच म्हणाली, "तसं दिसतंय."

रेघा बरोब्बर डोक्यावर का जुळत नाहीत, थोड्या दक्षिणेला का, हे मी विचारलं. इतक्या रात्रीही तुम्ही ते नीट सांगितलंत. होकायंत्राची सुई नुसती उत्तरेला वळत नाही, मोकळी टांगली तर ती खाली झुकते. ती झुकलेली सुई वरच्या टोकाने आभाळात जिकडे बोट दाखवेल तिथेच या रेघा जुळल्यासारख्या दिसतात, रेल्वेचे रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात तशा. लाल रंग सगळ्यात वरचा, दोनशे किलोमीटरच्याही वरचा. तिथल्या ऑक्सिजनच्या अणूला तो प्रकाश सोडायला दीड-दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला दुसरा कुणीतरी धडकतो आणि प्रकाश निघायचा राहूनच जातो.

आणि मग तुम्ही अलिबागचं सांगितलंत. लहानपणी ज्या चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणावरून शाळेत जायचात तिथलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये तिकडे हलवायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. तुम्ही घड्याळ न बघता म्हणालात, "तिकडे आत्ता पहाटेचे साडेचार. अलिबागच्या नोंदींमधल्या रेघाही आत्ता नाचत असतील." मला वाटतं, त्या रात्री तुम्ही स्वतःविषयी बोललात ते एवढंच. आईने विचारलं, आपल्याकडे असं कधी दिसलंय का. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतूनही हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे, असं तुम्ही सांगितल्यावर तिने पुन्हा वर पाहिलं, आणि मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. पुढे लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यातही आपल्या त्या १० मेच्या रात्री लाल झळाळी टिपली गेल्याची बातमी आली, तेव्हा तुम्ही ती सगळ्यात आधी आईला पाठवलीत. तिच्या फोनमध्ये ती अजून आहे.

दीड वाजता तुम्ही आम्हाला घरी सोडलंत. मी एकदा "थँक्यू काका" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढची गोष्ट मला गणपतीत कळली. आरतीनंतर तुमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमधले एकजण बोलता बोलता म्हणाले की त्या रात्री ते सगळे अफिंग्टनला, उतारावर पांढरा घोडा कोरलेल्या त्या टेकडीवर जमले होते. तिकडचा काळोख आमच्या टेकाडापेक्षा कितीतरी चांगला. त्यांनी तुमची खूप वाट पाहिली. तुम्ही निघालाही होतात. कॅमेरा, तिवई, थर्मास सगळं गाडीत होतं आणि मला तुम्ही वाटेतूनच, गाडी बाजूला घेऊन फोन केला होता. मी "ढग आलेत, झोपतो" म्हणाले म्हणून तुम्ही परत फिरलात.

२००५ मध्ये होता तो इशारा; एवढं मोठं वादळ प्रत्यक्षात त्याआधी आलं होतं ते २००३ मध्ये. म्हणजे तुम्ही वीस वर्षं ज्या रात्रीची वाट बघत होतात, ती रात्र. त्या तिवईचे पाय त्या रात्री उघडलेच गेले नाहीत. तुम्ही फाटकापाशी आईच्या शेजारी उभे होतात, तिची मान दुखू नये म्हणून गाडीतली उशी तिच्या मानेमागे धरून. ती उशी मी पाहिली होती. मागच्या सीटवरची तिवईही पाहिली होती, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

आई आता परत कोल्हापूरला आहे. गच्चीत झोपायच्या दिवसांत शेजारच्या मुलांना अरुंधती दाखवते आणि "हिच्यातनं ढग ओळखायचा" असं सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते.

तुमचा लाल कागद लावलेला टॉर्च आमच्या घरीच राहिलाय, रविवारी घेऊन येते. अफिंग्टनची वाट मी दोनदा जाऊन पाहून आले आहे, रात्री कुठे वळायचं तेही पाठ आहे. पुढच्या इशाऱ्याला फोन मी करीन आणि गाडीही मीच चालवीन. तुम्ही फक्त तिवई घेऊन दारात या.

तुमची,
तीन गल्ल्या पलीकडची पुतणी