गाडी बघतेय, पण चालक?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्वयंचलित मोटारींवरचा लेख वाचला. गाडी काय काय करते ते त्यात तपशिलाने आले. तेवढ्या वेळात चालक काय करतो, हे मात्र राहून गेले.

गेल्या महिन्यात भाच्याच्या नव्या गाडीतून एक्सप्रेसवेने अहमदाबादला गेलो. पुढच्या वाहनापासून अंतर राखणे, पट्ट्यांच्या आत राहणे ही कामे गाडीच करते. आणंद मागे पडले तसे भाचेबुवांनी खाऱ्या शिंगेची (शेंगदाण्यांची) पुडी मांडीवर उघडली आणि दोन्ही हातांनी साले काढायला बसले. स्टीअरिंगला हात लागत नाही म्हणून गाडी टुंगटुंग करू लागली, तेव्हा त्याने अर्धी भरलेली पाण्याची बाटली स्टीअरिंगमध्ये अडकवली. आवाज बंद. वर मलाच म्हणतो, "मामा, गाडी बघतेय ना!" पुढे दुरुस्तीच्या जागी पांढरे पट्टे पुसट झाले आणि यंत्रणा चालू असल्याचे पडद्यावरचे हिरवे चिन्ह गुपचूप विझले. मी ओरडलो. शिंगा सांडून त्याने स्टीअरिंग धरेपर्यंत शेजारच्या ट्रकचे मागचे चाक माझ्या काचेशी आले होते. ताशी 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. पाच सेकंद गोंधळात गेले की 140 मीटर रस्ता कोणाच्याच ताब्यात नसतो.

जर्मनीत मर्सिडीजच्या काही गाड्यांत 2022 पासून महामार्गावरच्या कोंडीत, 60 च्या आतल्या वेगात, चालकाला समोरच्या पडद्यावर सिनेमा पाहायची मुभा मिळाली. झोपायची नाही. कारण ताबा परत घ्या म्हणून गाडी दहा सेकंद आधी सांगते. चालकाने नाहीच घेतला तर स्वतः थांबते. आपल्याकडच्या गाड्या त्या दर्जाच्या नाहीत. त्यांत नजर सतत रस्त्यावर हवी, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात असते.

भाच्याची बाजूही थोडी घेतो. काही न करता नुसते बघत बसणे माणसाला जमत नाही. रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये प्रयोग केले, त्यांत अर्ध्या तासातच लक्ष ढळू लागलेले दिसले. गप्पा, गाणी यांनी उलट झोप उडते. पण हातात वस्तू आणि नजर मांडीवर, हे वेगळे. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत टेंपी येथे उबरच्या चाचणी-मोटारीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला, तेव्हा देखरेखीला बसलेली चालक मोबाइलवर टीव्हीचा कार्यक्रम पाहत होती.

शोरूमवाले चावी देताना पेढे देतात, फोटो काढतात. ही यंत्रणा कधी आणि कशी हात काढून घेते, ते त्याच वेळी रस्त्यावर नेऊन दाखवायला काय हरकत आहे?

बाटली मी जप्त केली आहे. तो दुसरी आणेल.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे