वकीलपत्र परत करून मग जा

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "बाबा, पक्ष बदलायला आम्ही दोन तृतीयांश आमदार जमलो तर कायद्याने काही अडचण नाही ना?" मी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या आवाजातली घाई ऐकून मला बोलवेना, म्हणून लिहितोय.

आधी कायद्याचं सांगतो. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदीचा कायदा, 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी 'फूट' म्हणून चालून जायचं. 91व्या दुरुस्तीने 2003 मध्ये ती वाट बंद केली. आता उरलंय ते विलीनीकरण, आणि त्याला विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. तुमची संख्या अजून तिथे पोचलेली नाही, हे तूच सांगितलंस. "पक्षाचा राजीनामा द्यायचा नाही, नुसतं त्यांच्या बाजूला जाऊन बसायचं," असं कुणी शिकवत असेल, तर गोव्याच्या रवी नाईक प्रकरणातला 1994 चा निकाल काढून वाच. लेखी राजीनामा नसला तरी वागण्यावरून पक्ष सोडल्याचं ठरवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटलंय. अपात्र ठरलीस, तर तुला ज्या मंत्रिपदाचा शब्द दिलाय तेही पुन्हा निवडून येईपर्यंत मिळणार नाही.

"अपात्रतेच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत आमदारकीची मुदत संपत येते," हेही तू म्हणालीस. तसं होतं खरं. आपल्या महाराष्ट्रात जून 2022 च्या शिवसेनेतल्या फुटीवरच्या अर्जांचा निकाल यायला 10 जानेवारी 2024 उजाडला. पण तारखा पडत राहतील या भरवशावर मी आयुष्यात एकही दावा लढलो नाही, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने तसं करावं हे मला सहन होत नाही.

तुला सनद मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी तुझ्यापुढे कोरं वकीलपत्र ठेवलं होतं. पक्षकाराची सही कुठे, आपली कुठे, तिकीट कुठे, हे दाखवलं. आणि सांगितलं होतं, की पटेनासं झालं तर वकील बाजूला होऊ शकतो. आधी पक्षकाराला पुरेशी नोटीस द्यायची, कोर्टाची परवानगी घ्यायची आणि जे काम केलं नाही त्याची फी परत करायची. पण ज्याची कैफियत आपण लिहिली, त्याच्याच विरुद्ध त्याच दाव्यात उभं राहायचं नाही. त्या वाटणीच्या दाव्यात समोरच्यांनी माणूस पाठवला होता, आठवतं? त्याला चहासुद्धा न विचारता तू दारातून परत पाठवलंस. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तू निवडून आलीस तेव्हाही वाटला नव्हता.

वकिलाला पक्षकार असतो, आमदाराला पक्ष. पण आमदाराचा पक्षकार कोण, ते तू अर्ज भरलास त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलंय. अनामत दहा हजारांची. वरच्या वाडीतल्या बायकांनी ती गोळा करून आणली होती, हळदीचे डाग पडलेल्या कापडी पिशवीत. दहा-दहाच्या नोटा, सुटी नाणी, एक नोट तर चिकटपट्टी लावलेली. निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर कारकून अर्धा तास मोजत होता. पाच रुपये कमी भरले, तेव्हा एका म्हातारीने कनवटीची नाणी काढून दिली. त्या पैशावर तू उभी राहिलीस. हेच तुझं वकीलपत्र.

पक्ष बदलणं म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. तुझ्या नेत्यांनी धरणाच्या पाण्याचा शब्द फिरवला, हे मलाही दिसतंय. बाहेर पडण्याला तुझ्याकडे कारण आहे. बाहेर कसं पडायचं, एवढाच प्रश्न आहे. समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव तुझ्यासारखेच वकिलीतून आलेले. फैजाबादला पाच वर्षं वकिली केली आणि असहकारात सोडली. 1948 मध्ये समाजवादी गट काँग्रेसमधून बाहेर पडला, तेव्हा ते संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, विधानसभेत होते. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी ते आणि त्यांचे सहकारी आमदारकीचे राजीनामे देऊन पुन्हा लोकांपुढे गेले. पोटनिवडणुकीत ते पडले. पण त्या पराभवाने त्यांची मान खाली गेली नाही.

त्यानंतर वीसएक वर्षांत चित्रच पालटलं. 1967 मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द आपल्या तोंडी बसला. हा रोग थांबवण्याचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेही कऱ्हाडच्या कोर्टात वकिली केलेले. समितीचा अहवाल 1969 चा आणि कायदा 1985 चा. दहावं परिशिष्ट काढून वाचतो तेव्हा मला वाटतं, सगळेच नरेंद्र देवांसारखे वागले असते तर ते लिहावंच लागलं नसतं.

तू हरशीलही. पोटनिवडणूक सहा महिन्यांत लागेल, समोर दोन्हीकडचा पैसा असेल आणि धरणाची गोष्ट लोकांना पहिल्यापासून सांगावी लागेल. ती तू सांगू शकतेस. वाडीत जाऊन आधी त्या बायकांना सांग, वर्तमानपत्रांना नंतर. त्यांना ते टीव्हीवरून कळू देऊ नकोस.

राजीनामा विधानसभा अध्यक्षांच्या नावे, स्वतःच्या सहीचा हवा. तो स्वेच्छेने दिलाय याची ते खात्री करून घेतील, म्हणून स्वतः जा, कुणाच्या हाती पाठवू नकोस. मसुदा दोन ओळींचाच ठेव. कारणं त्यात लिहू नकोस, ती वाडीत सांगायची आहेत.

तुझं टेबल मी कुणाला दिलेलं नाही. वाटणीच्या दाव्याचं अपील पुढच्या महिन्यात बोर्डावर येतंय, कागद लावून ठेवलेत. शनिवारी आलीस तर सकाळीच ये. आपण दोघं मिळून आधी वाडीत जाऊ.

तुझे,
बाबा