अठरा हत्यारांऐवजी तीन

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

लाकडात कोरीवकाम करायचे तू मनावर घेतलेस याचा आनंद झाला. मात्र त्यासाठी अठरा हत्यारांचा संच मागवण्याच्या बेतात आहेस, हे वाचून तातडीने लिहायला बसलो. तो मागवू नकोस. माझ्या कपाटात तसाच एक संच आहे आणि त्यातली तेरा हत्यारे आजवर लाकडाला लागलेली नाहीत.

आरंभाला तीन पुरतात : आखूड पात्याचा, मुठीत नीट बसणारा चाकू, एक उथळ आणि एक खोल गोल पटाशी, म्हणजे पन्हळीसारख्या बाकदार पात्याची. गोल पटाशीचा बाक क्रमांकाने ओळखतात. प्रचलित इंग्लिश पद्धतीत ३ क्रमांकाची जवळजवळ सपाट असते, तर ९ क्रमांकाची अर्धवर्तुळाच्या आसपास जाते. खोल पटाशीने नको असलेले लाकूड काढावे आणि उथळ पटाशीने पृष्ठभाग सारखा करावा. वाचलेल्या पैशांतून धार लावायचा चांगला दगड घे, कारण नव्या पटाशीला कोरीवकामाजोगी धार क्वचितच असते. साधारण २० अंशांचा कोन धरून पाते दगडावर पाजवावे, मागच्या बाजूने बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग पॉलिशची पेस्ट चोळलेल्या चामड्याच्या पट्टीवर, धार मागे राहील अशा बेताने, ते ओढत राहावे. धार जमली की नाही हे मऊ लाकूडच सांगते. रेषांना आडवा छेद घेऊन बघ : तो काचेसारखा चकाकला तर ठीक, आणि त्यात एखादी पांढुरकी रेघ उमटली तर पात्याला कुठेतरी खाच आहे, पुन्हा दगडावर जा. मला हे उमजायला वर्ष गेले, आणि तोवर मी लाकडालाच नावे ठेवत होतो.

आता ज्यातून तू घोडा कोरणार आहेस, त्या पडलेल्या झाडाच्या ओंडक्याविषयी. माझे पहिले घुबड मी अशाच ताज्या, अखंड ओंडक्यातून कोरले होते. पिसे उत्तम साधली होती. दहाव्या दिवशी चोचीपासून पोटापर्यंत अशी भेग गेली की तिच्यात नाणे उभे राहील. दोष हाताचा नव्हता. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. त्यामुळे मधला गाभा तसाच ठेवलेला गोल ओंडका कुठेतरी फाटतोच. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील जर्मन शिल्पकारांनी लिंडन नावाच्या झाडाच्या लाकडातल्या कितीतरी मूर्ती पाठीमागून पोकळ केलेल्या आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच. तेव्हा ओंडका उभा फोड, मधला गाभा काढून टाक, दोन्ही टोकांना मेण लाव आणि फाळके सावलीत, वारा खेळेल असे रचून ठेव. एक इंच जाडीला एक वर्ष हा ढोबळ हिशेब धरतात.

म्हणजे तुझा घोडा लांबला, आणि ते बरेच झाले. घोड्याचे पाय लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच उतरायला हवेत, आडव्या रेषांत कोरलेला पाय बोटाच्या धक्क्यानेही मोडतो. पण पायांची सोय पाहिली की शेपूट आणि कान अडचणीत येतात. त्याऐवजी गाभा काढलेल्या एका ओल्या फाळक्यातून पळी कर. ती ओल्या लाकडातच सोपी जाते, आणि पातळ असल्यामुळे सहसा तडकत नाही. चाकू नेहमी उतारावर, म्हणजे आकाराच्या उंच भागाकडून सखल भागाकडे, चालवावा. लाकूड उचकटू लागले तर जोर वाढवू नये, दिशा उलटावी. डावा हात पात्याच्या पुढे येऊ देऊ नकोस आणि पटाशी वापरताना फाळके शिकंज्यात आवळ. शेवटी काचकागद घासायचा मोह होईल. माझ्या मते पळीवर चाकूचे पैलू राहिलेलेच शोभतात, यावर तू भांडशील हे ठाऊक आहे. वरून जवसाचे तेल दिलेस तर पुसलेले फडके बोळा करून फेकू नकोस, ते आपोआप पेट घेऊ शकते. उलगडून बाहेर वाळत घाल.

ओंडका फोडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांचे फोटो पाठव. वर्तुळे दिसली की कुठे फोडायचा ते खूण करून कळवतो.

तुझा मित्र