“हे कशात शिजलं?” : माझ्या आहारतज्ज्ञांना खुले आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या रक्तातील, सीलिअ‍ॅक आजारात वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांची पातळी अखेर सामान्य मर्यादेत आल्याचा अहवाल आपल्याला मिळाला आहेच. त्यावर ‘छान. आता नियम सैल करू नका’ एवढेच आपले उत्तर आले, आणि आपला स्वभाव ठाऊक असल्यामुळे त्याहून अधिकाची अपेक्षाही नव्हती. पण तो आकडा खाली यावा म्हणून आपण जे कष्ट घेतलेत त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, सीलिअ‍ॅक आजाराचे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते त्या आजाराचे, निदान झाल्यावर गहू सोडूनही ज्यांचे दुखणे हटत नाही अशा अनेकांना, आपण मला जे समजावून सांगितलेत ते सांगणारे कोणी भेटलेलेच नसते.

निदानाच्या वेळी मला मिळालेला सल्ला एका ओळीचा होता: गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभरासाठी बंद. सल्ला बरोबर होता, पण अपुरा होता. मी तो कसोशीने पाळला, तरी पोटफुगी आणि थकवा जाईना, रक्तातले लोह वाढेना आणि प्रतिपिंडांची पातळी थोडी उतरून तिथेच अडून बसली. त्या काळात मी जिथे उपचार घेत होते तिथे अहवालावर नजर टाकून ‘कुठेतरी तोंडावरचा ताबा सुटत असणार’ असे मला ऐकवले गेले, आणि तेही घरच्या माणसांसमोर. जे आपण केलेलेच नाही त्याचा खुलासा तरी कसा करायचा? आपण मात्र पहिल्याच भेटीत माझी खाण्याची वही शेवटच्या पानापर्यंत वाचलीत आणि म्हणालात, “तुम्ही पथ्य पाळताय, हे मी धरून चालते. म्हणजे ग्लुटेन तुमच्या नकळत येतंय. ते कुठून येतंय, तेवढंच शोधायचंय.”

आभार मानायचे तर सर्वांत आधी या शब्दांचे मानायला हवेत. रुग्णावर विश्वास ठेवण्यात चांगुलपणा असतोच, पण त्यात पद्धतही असते, हे मला नंतर उमगले. रुग्ण लपवाछपवी करतो असे गृहीत धरले की शोध तिथेच संपतो. तो खरे बोलतो असे धरले की ओटा, डबे, चाळणी, औषधे, हात असे सगळेच तपासणे भाग पडते. या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध ज्यांनी 1950 साली आपल्या प्रबंधात मांडला, त्या डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनीही, पाव बंद केल्यावर मुलाला बरे वाटते असे सांगणाऱ्या एका आईचे म्हणणे मनावर घेतले होते, असे सांगतात. ही हकीकत आपणच मला सांगितली होती, आणि ती नेमकी त्याच वेळी का सांगितलीत हे मला न विचारताच समजले होते.

त्यानंतर आपण मला प्रमाण समजावलेत. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा मी वाचलेली होती, पण तिचा अर्थ माझ्या ताटापर्यंत कोणी आणून दिला नव्हता. आपण हिशेब मांडून दाखवलात की, असा पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्ला तरी पोटात जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल. आणि साध्या गव्हाच्या पावाच्या एका चकतीत ते दोन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे दहा मिलिग्रॅम हा त्या चकतीचा जेमतेम दोनशेवा भाग झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन दिल्यावर लहान आतड्याच्या अस्तरातील, अन्नरस शोषणाऱ्या अंकुरांवर परिणाम दिसून आला होता, आणि रोज 10 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांना बाधत नाही असे साधारणपणे मानले जाते, हेही आपण सांगितलेत. चिमटीत धड न मावणाऱ्या चुऱ्यावर सगळे अवलंबून आहे, हे कळल्यावर भीती वाटायला हवी होती. मला उलट हायसे वाटले, कारण शोधायची वस्तू केवढी आहे हे पहिल्यांदाच समजले होते.

शोधाची सुरुवात आपण वेष्टनांपासून केलीत. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. तयार सूप, ग्रेव्ही आणि सॉस दाट करायला गव्हाचे पीठ वापरतात. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या कुरकुरीत पोह्यांना जी गोडसर चव येते ती अनेकदा जवापासून केलेल्या माल्टची असते. ‘गहूमुक्त’ असे छापलेल्या पदार्थात जव किंवा राय असू शकते, त्यामुळे त्या शब्दावर विसंबून चालत नाही. दुसरीकडे, माल्टोडेक्स्ट्रिन हा माल्ट नव्हे, आणि गव्हापासून बनलेल्या ग्लुकोज सिरपवरही इतकी प्रक्रिया झालेली असते की त्यात ग्लुटेन नगण्यच उरते, हे सांगून आपण मी विनाकारण फडताळाबाहेर काढलेल्या कितीतरी वस्तू मला परत मिळवून दिल्यात. ‘यात गव्हाचा अंश असू शकतो’ ही सूचना छापणे बऱ्याच देशांत ऐच्छिक असते, म्हणून ती नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, हे मात्र आपण दोनदा बजावलेत. औषधांच्या गोळ्यांचे काम एका फोनवर उरकले: त्यांतला स्टार्च मक्याचा निघाला.

मसुरीचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही. रोजच्या वापरातली धान्ये छोट्या पिशव्यांतून आणायला आपण सांगितले होते. आपण टेबलावर पांढरा कागद पसरून अख्ख्या मसुरीची पिशवी त्यावर रिकामी केलीत आणि तासून टोक केलेल्या पेन्सिलीने दाणे एकेक करून बाजूला सारू लागलात. गर्द तपकिरी चपट्या दाण्यांच्या त्या पसाऱ्यात एक लांबट, पोटावर रेघ असलेला दाणा निघाला. तो गहू होता. थोड्या वेळाने दोन्ही टोकांना निमुळता, सालीसकट असलेला आणखी एक निघाला, तो जव. मी काही म्हणण्याआधीच आपण म्हणालात, “मसुरीत ग्लुटेन नसतं. पण मसूर शेतात, गाडीत आणि गोदामात एकटी नसते.” तेव्हापासून धान्य निवडणे हे काम घरात कोणाच्याही हाती न सोपवता मी स्वतः करते, आणि ते भर उजेडात करते.

अख्खे धान्य निवडता येते, पिठाचे तसे नाही. माझ्या बाबतीत खरा चोर तिथेच सापडला. 2010 साली अमेरिकेतल्या एका छोट्या पाहणीत, मुळात ग्लुटेन नसलेल्या 22 धान्यांचे, बियांचे आणि पिठांचे नमुने तपासले असता त्यांपैकी 7 नमुन्यांत किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन आढळले होते, हे आपण सांगितलेत आणि विचारलेत, “तुमचं पीठ कुठल्या जात्यातून येतं आणि त्याच्या आधी त्यातून काय गेलेलं असतं?” मी आणत असलेले पीठ जिथे दळले जात होते, तिथे गहूही दळला जात होता. त्यात ओटची भर होती. शुद्ध ओट बहुतेक रुग्णांना चालतात, पण साधे ओट शेतापासून गिरणीपर्यंत गव्हा-जवाच्या संगतीत वाढतात आणि प्रवास करतात, म्हणून ते ग्लुटेनमुक्त असल्याची खात्री असलेलेच घ्यावेत, आणि तेही प्रकृती स्थिरावल्यावर, असा आपला सल्ला होता. मी रोज सकाळी आरोग्यदायी म्हणून साधे ओट खात होते, कारण माझ्या तीन शब्दांच्या यादीत ओट नव्हते.

स्वयंपाकघराबद्दल आपण जे शिकवलेत ते मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात जितके ‘हे करा’ होते तितकेच ‘याची धास्ती सोडा’ होते. शिजवण्या-भाजण्याच्या उष्णतेने ग्लुटेन नाहीसे होत नाही, हात निर्जंतुक करणाऱ्या द्रवानेही जात नाही; ते जाते साबण आणि पाण्याने घासून, कारण ते मारायचे नसते, काढून टाकायचे असते. म्हणून जिथे घासणी पोहोचत नाही ती वस्तू वेगळी ठेवायची: जाळीची चाळणी, चिरा पडलेला लाकडी पाट, ओरखडे उठलेला नॉनस्टिक तवा. पावाला लावून परत बुडवलेल्या सुरीमुळे लोण्यात चुरा राहतो, म्हणून लोण्याची बरणी वेगळी. ज्या तेलात गव्हाच्या पिठात बुडवलेले पदार्थ तळले त्यात माझे बटाटे तळायचे नाहीत. घरात गव्हाचे पीठ चाळले जात असेल तर ती धूळ काही तास हवेत राहून खाली बसते, तेवढ्या वेळात माझे अन्न उघडे ठेवायचे नाही.

याउलट, काचेची आणि स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. वेगळा संसार मांडायची गरज नाही. ग्लुटेन अखंड त्वचेतून शोषले जात नाही, त्यामुळे साबण-शांपूची वेष्टने वाचत बसायचे कारण नाही. ओठांना लावायच्या गोष्टी तेवढ्या पाहाव्यात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सामायिक टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लुटेनमुक्त पावात 20 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे ग्लुटेन आढळले नाही, पण साधा पास्ता उकळलेल्या पाण्यातच ग्लुटेनमुक्त पास्ता शिजवला तेव्हा ते आढळले, असे सांगून आपण म्हणालात की, टोस्टर वेगळा घेतला तर चांगलेच, पण झोप उडवायचीच असेल तर ती पाण्यासाठी उडवा. माझ्या मते ही खरी तज्ज्ञता. सगळ्याच गोष्टींना भ्यायला सांगणे फार सोपे असते, आणि सगळ्याला भिणारा माणूस शेवटी कशालाच जपत नाही.

माझे पोट हा विश्वासू साक्षीदार नाही, हेही आपणच पटवून दिलेत. त्रास झाला नाही म्हणजे ग्लुटेन गेले नाही असे नसते; आणि प्रत्येक पोटदुखीचे खापर ग्लुटेनवर फोडायचेही नसते, कारण आतड्याचे अस्तर भरून येईपर्यंत काहींना दुधातली साखर पचत नाही. मला दुधाचाच त्रास होतो हे आपण काही दिवसांचे दूध बंद करून दाखवून दिलेत, आणि अस्तर सावरल्यावर ते पुन्हा सुरूही करून दिलेत.

बाहेर खाताना ‘यात ग्लुटेन आहे का?’ असे विचारू नका, कारण ज्याला ग्लुटेन म्हणजे काय हे माहीत नाही तो अगत्यापोटी ‘नाही’ म्हणतो, हा आपला अनुभव शंभर टक्के खरा निघाला. आता मी विचारते: हे कशात शिजलं, दाटपणा कशाने आणला, तेल कोणतं, चमचा तोच का. उत्तर देणारा आत जाऊन विचारून आला तर बहुधा जेवते. जागच्या जागी हसून ‘काळजी करू नका’ म्हणाला तर फळे खाते.

आणखी एका गोष्टीचे ऋण आहे. सासूबाई आणि जाऊबाई यांना एकदा घेऊन या, असे आपण सुचवलेत आणि स्वतंत्र वेळ काढून त्यांच्याशी बोललात. माझ्या चाळणीला वेगळी खुंटी हवी हे मी घरात पुष्कळदा सांगितले होते. ते नखरे वाटत होते. आपण त्यांना आतड्यातल्या अंकुरांचे चित्र काढून दाखवलेत आणि म्हणालात, “ही हिची आवडनिवड नाही, हे हिचं औषध आहे, आणि या औषधाचा डोस तुमच्या हातात आहे.” त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या डब्यांना लाल दोरे बांधले. पूर्वी घरच्यांसमोर जो आरोप झाला होता तो आपण एका शब्दानेही न उगाळता, त्याच माणसांसमोर पुसून टाकलात, हे आपल्या लक्षात आले असेल की नाही, मला ठाऊक नाही.

एक परवानगी मागायची आहे. प्रश्नांचा जो कागद आपण मला स्वतःच्या हाताने लिहून दिला होतात, तो मी टंकून घेतला आहे. ओळखीतल्या एका मुलाला नुकतेच निदान झाले आहे आणि त्याच्या आईला तो द्यावा असे वाटते. आपल्याला त्यात काही बदलायचे असेल तर पुढच्या आठवड्यात हाडांच्या घनतेचा अहवाल घेऊन येईन, तेव्हा सांगावे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण