मुलांच्या आधी आम्हा शिक्षकांना शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. शाळांमधून डिजिटल नागरिकत्व, म्हणजे फोन आणि इंटरनेट जबाबदारीने कसं वापरायचं ते, शिकवलं पाहिजे असं हल्ली सगळेच म्हणतात आणि ते बरोबरच आहे, पण ते शिकवणार कोण आणि त्या शिकवणाऱ्याला कोण शिकवणार, यावर कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी आमच्याकडे रानभाज्यांचा उपक्रम होता. उपक्रम झाला की फोटो काढायचे, वरती पाठवायचे, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे, ही आमची रोजची सवय. मी एका मुलीचा फोटो काढला, हातात पाथरीची जुडी, डोळे अर्धे मिटलेले. टाकला ग्रुपवर. तिसऱ्या दिवशी त्याच फोटोचं स्टिकर झालं होतं, खाली घाणेरडा शब्द लिहिलेला, आणि ते वर्गातल्या मुलांनी वडिलांच्या नाहीतर दादाच्या फोनवरून एकमेकांना पाठवलं होतं. मुलगी शाळेत यायची बंद झाली. आठ दिवस.

मी काय केलं? दोन मुलांना उभं करून सगळ्या वर्गासमोर रागावले, पालकांना बोलावलं, त्यांचे फोन घेऊन स्टिकर डिलीट करायला लावलं, आणि विषय मिटला असं समजले. तक्रार करायची वेळ आली तर आधी स्क्रीनशॉट ठेवायला हवा होता, पुरावा मीच पुसून टाकला, हे मला नंतर कळलं. ज्या मुलीवर हे बेतलं तिला काय वाटतंय हे तर मी विचारलंच नाही, ती परत आल्यावर सगळ्यात आधी तिनेच मला विचारलं. मी दुसऱ्याच कशासाठी तरी फोन वर धरला होता, तिने वही तोंडापुढे घेतली आणि म्हणाली, "बाई, हा फोटो कुठं टाकणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजवर शेकडो मुलांचे फोटो मी ग्रुपवर, फेसबुकवर, स्टेटसला टाकलेत, एकालाही विचारलेलं नाही, एकाही आईला नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आईवडिलांची संमती लागते असं म्हणतो, तो शाळेच्या या फोटोंना नेमका कसा लागू होतो हे आम्हाला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये हे मी मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायचं, जेव्हा ते रोज मलाच तसं करताना बघतात?

आम्हाला ट्रेनिंग मिळत नाही असं नाही. ऑनलाइन कोर्स येतात, व्हिडिओ पुढे सरकवायचा, शेवटी दहा प्रश्न, ज्याला आधी उत्तरं मिळाली तो ग्रुपवर टाकतो, सगळ्यांची सर्टिफिकेट निघतात. मीही असंच केलंय, खोटं का बोलू. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण असावं असं म्हटलंय. त्या ५० तासांतले पाच तास जरी समोरासमोर बसून, खऱ्या मेसेजवर, खऱ्या प्रसंगावर मिळाले तर माझ्यासारखीच्या हातून पुरावा पुसला जाणार नाही.

आमच्या जिल्ह्याला तर हे जास्तच लागू आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, पाच माणसं मुलं पळवणारी टोळी समजून मारली गेली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, त्यातली बहुतेकजण आमच्या मंगळवेढा भागातली. तेव्हा मोबाईलवर मुलं पळवण्याचे मेसेज आणि व्हिडिओ धडाधड फिरत होते, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही येत होते, आणि मीसुद्धा "काळजी घ्या" म्हणून एक पुढे पाठवला होता. ते माझ्या मनातून आजही जात नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करता येईल असं केलं, पण पाचांचे पंचवीस व्हायला कितीसा वेळ लागतो.

त्या वेळचा एक व्हिडिओ, मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात तो, मी यंदा वर्गात दाखवला. आधी तुकडा केलेला दाखवला. मुलं गप्प झाली, एकजण म्हणाला, "बाई, हे आपल्याकडचंच दिसतंय." मग पूर्ण दाखवला. तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी जागृती म्हणून केलेला, शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि हातातला बोर्ड उघडून दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. "म्हणजे कापणाऱ्याला माहीत होतं!" असं मागच्या बाकावरची एक पोरगी ओरडली. त्यानंतर पंधरा दिवस मुलं घरून मेसेज घेऊन येत होती, बाई हा खरा का, बाई याची तारीखच नाही, बाई यात गावाचं नावच नाही. आणि बऱ्याच मेसेजचं उत्तर मलाही येत नव्हतं, मग आम्ही मिळून शोधायचो. एवढं शिकायला पुस्तक लागलं नाही, वेगळा विषय लागला नाही, मराठीच्या तासात झालं.

केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्येच, मीर मोहम्मद अली जिल्हाधिकारी असताना, जवळपास १५० सरकारी शाळांमधून "सत्यमेव जयते" नावाने खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं गेलं. एका जिल्ह्याने मनावर घेतलं आणि केलं. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला बसतात, गावाचं मला खरंच कौतुक वाटतं. पण साडेआठला फोन परत हातात येतो ना, त्यानंतर काय, ते शिकवणं आमच्याकडे येतं. यवतमाळच्या बान्सी गावाने १८ वर्षांखाली मोबाईलच बंद केला होता, मला वाटतं बंदी घालून मूल फक्त लपवायला शिकतं, आणि लपवलेलं बिघडलं की सांगायला कुणाकडेच जात नाही.

म्हणून शिक्षण विभागाला माझं कळकळीचं सांगणं आहे, नवं पुस्तक काढू नका, नवं पोर्टलही नको. दर महिन्याला आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होतेच, तिथे तास-दीड तास यासाठी ठेवा, सायबर पोलिसांपैकी कुणी येऊ दे, एखादा समुपदेशक येऊ दे. स्क्रीनशॉट कसा ठेवायचा, ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन का करायचा, मूल अडचणीत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन कधी लावायची, आणि मुख्य म्हणजे रडत आलेल्या मुलीशी पहिली पाच मिनिटं काय बोलायचं, हे आमच्याकडून करून घ्या. वर पाठवायच्या अहवालात मुलांच्या चेहऱ्याचे फोटो मागणं बंद करा, हातांचे, वह्यांचे, कामाचे फोटो चालतील की.

आमच्या केंद्रप्रमुखांनी पुढच्या परिषदेत मला अर्धा तास दिलाय. तो कराचीचा व्हिडिओ आधी कापलेलाच दाखवणार आहे. स्टिकरची गोष्ट सांगू का म्हणून त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारलं, दोघी म्हणाल्या सांगा, फक्त नाव घेऊ नका.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सोलापूर