पिकअपच्या स्पीड सेन्सरविषयी मित्रास पत्र

नागपूर,
दि. ८ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला, पण ऐन संत्र्याच्या हंगामात गाडीनेच मला अडकवून ठेवले होते. काटोलहून माल भरून कळमन्याच्या बाजारात येताना मीटरमधला वेगाचा काटा साठवरून एकदम शून्यावर पडायचा, पुन्हा उसळायचा, आणि शेवटी तो उठेनासाच झाला. त्याबरोबर किलोमीटरचे आकडेही थांबले आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच अख्खे मीटर बदलायला सांगितले. दुसरीकडे बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, तेव्हा पी ०५०० हा कोड निघाला, म्हणजे वेगाचा संकेत मिळण्यातच गडबड होती. मात्र वेग टिपणारा सेन्सर मेला आहे, वायर तुटली आहे की वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये पाणी गेले आहे, हे तो कोड सांगत नाही.

म्हणून रविवारी अंगणातच गाडी तपासायला घेतली. हँडब्रेक मागच्या चाकांवरच लागत असल्यामुळे चाक फिरवण्यासाठी तो सोडावा लागतो. तेव्हा आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, मागचे एक चाक उचलले आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी घोडी (स्टँड) दिली. गिअर न्यूट्रलला ठेवून, चावी फिरवून भाच्याला चाक हळूहळू फिरवायला सांगितले. माझ्या गाडीचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी आहे आणि त्याला तीन वायरी आहेत. मल्टिमीटरवर एकीवर पुरवठा नीट येत होता, दुसरीचे अर्थिंगही ठीक होते, पण तिसरीवर चाकाबरोबर जो आकडा वर-खाली नाचायला हवा, तो जागचा हलेना. तेव्हा कुठे मी नव्या सेन्सरवर पैसे घालायला तयार झालो.

बॅटरीची ऋण वायर काढली, कपलर सोडवला, दहा नंबरच्या पान्याने एकच बोल्ट काढला. सेन्सर मात्र जागेला घट्ट चिकटला होता. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा मोह आवरून, मी तो हाताने डावी-उजवीकडे फिरवत राहिलो. पाच मिनिटांनी 'पच्' असा आवाज करून तो निघाला आणि गिअर ऑइल कोपरापर्यंत ओघळले. त्याच्या टोकावर लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटला होता. तो पुसल्यावर प्लॅस्टिकला केसाएवढी चीर दिसली आणि कपलरच्या पिनांनाही तेल लागलेले होते. म्हणजे तेल आतून वर चढत होते.

पिना पुसून कोरड्या केल्या, नव्या सेन्सरच्या रबरी ओ-रिंगला तेलाचे बोट लावले आणि तो हाताने पूर्ण बसल्यावरच बोल्ट आवळला. इथे ताकद दाखवू नये, बोल्ट ज्यातून जातो तो सेन्सरचा कान प्लॅस्टिकचाच असतो. मग गळालेले तेल पाहून गिअर ऑइलची पातळी भरून घेतली, कोड पुसला आणि काटोल रोडवर एक फेरी मारली. काटा गुमान चढला.

एक गोष्ट मात्र राहिलीच. मीटर बंद असताना काटोलच्या नऊ फेऱ्या झाल्या. एका बाजूचे साधारण साठ किलोमीटर धरले, तरी हजाराच्या वर अंतर आकड्यांत आलेच नाही. तेवढे इंजिन ऑइल बदलण्याच्या नोंदवहीत मी हाताने लिहून ठेवले आहे. तुझी गाडी नवी आहे आणि तिच्यात वेग चाकांजवळच्या एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून घेत असतील, तर गिअरबॉक्सशी शोधत बसू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र