गणपतीत अपुऱ्या दिवसांचं बाळ हातोहाती नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यात मी आशा म्हणून काम करते. गणपती तोंडावर आलेत, चाकरमान्यांची वाट पाहणं सुरू आहे. ज्या घरात अपुऱ्या दिवसांचं बाळ आहे, त्या घराने ते यंदा पाहुण्यांच्या हातात देऊ नये, एवढं कळकळीने सांगायचं आहे.

गेल्या गणपतीत आमच्या वाडीत काचेच्या पेटीतून नुकतंच घरी आलेलं बाळ होतं. रात्रभर प्रवास करून आलेल्या आत्याने खळ्यातच बाळाला घेतलं आणि त्याची मूठ ओठांना लावली. तिला साधी सर्दी होती. चार-पाच दिवसांनी बाळ दूध ओढेना. आजी म्हणाली, डबा झालाय (बाळाची छाती भरून श्वास लागणं), ओव्याची धुरी द्या. मी झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ७० च्या वर गेले. बरगड्यांखाली खळगे पडत होते. १०८ ची गाडी बोलावली. डॉक्टरांनी आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा संशय सांगितला. ऑक्सिजनवर राहून बाळ वाचलं. आत्याला मी दोष देत नाही, ती भाच्याच्या ओढीने आली होती.

आईची रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती कमी येतात, शिवाय फुप्फुसं कच्ची आणि श्वासनळ्या बारीक. मोठ्या माणसाचं नाक वाहून भागतं, तिथे या बाळाचा श्वास अडतो. पाळण्याच्या कठड्यावरही हा विषाणू काही तास टिकतो. म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय पाळण्याला हात नको, सर्दीवाल्याने त्या खोलीत जाऊच नये, मग तो सख्खा काका असो. धुरी तर नकोच, धुराने श्वास आणखी कोंडतो. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दूध तोडणं, ओठ निळे पडणं, श्वास मध्येच थांबणं, यातलं काहीही दिसलं तर आरती सोडून दवाखाना गाठा.

आरएसव्हीपासून बाळाला जपणारं निरसेविमॅब हे इंजेक्शन २०२२ साली युरोपात मंजूर झालं. एका डोसात साधारण पाच महिने संरक्षण मिळतं. गरोदर बाईला देण्याची लसही २०२३ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झाली. पेटीतून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळावं, आणि त्याची सुरुवात पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या आमच्यासारख्या वाड्यांपासून व्हावी, ही आरोग्य खात्याला विनंती.

आपली,
एक आशा कार्यकर्ती, ता. राजापूर, जि. रत्नागिरी